पेटीतील तपकिरी अंड्यांना येणारा वास: नाशिकमधील पाच महिन्यांच्या खरेदीचा अनुभव

गेल्या डिसेंबरात सासूबाईंच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली आणि घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांना रोज दोन उकडलेली अंडी देण्यास सांगितले. तोवर आमच्याकडे अंडी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, लागतील तशी चार-सहा, येत असत आणि त्यांच्याविषयी घरात कोणी फारसा विचार केलेला नव्हता. आजारी माणसासाठी आणायची म्हटल्यावर मात्र चांगल्यातली चांगली आणावीत असे वाटले, आणि मी गंगापूर रोडवरील एका मोठ्या, वातानुकूलित दुकानातून सहा तपकिरी अंड्यांची पेटी आणू लागले. पेटीवर हिरव्या कुरणाचे चित्र होते, कोंबड्यांना केवळ वनस्पतिजन्य खाद्य दिल्याचा आणि अंडी धुऊन निर्जंतुक केल्याचा मजकूर होता, ओमेगा-३ चा ठळक उल्लेख होता, आणि किंमत होती ११० रुपये, म्हणजे अंड्यामागे अठरा रुपयांहून थोडे अधिक. हे परीक्षण मुख्यतः त्या पेटीचे आहे. पण तिच्यामुळे पुढे जी शोधाशोध करावी लागली, तिच्यात इतर तीन ठिकाणची अंडीही आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेली, म्हणून त्यांच्याविषयीही लिहिते.

पहिल्या दोन पेट्यांबद्दल काही तक्रार नव्हती. तिसऱ्या पेटीतील एक अंडे आईंनी (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) नेहमीप्रमाणे मीठ-मिरपूड लावून खाल्ले, दुसऱ्याचा एक घास घेतला आणि ताटली बाजूला सारली. “अगं, याला सुक्या बोंबलासारखा वास येतोय,” त्या म्हणाल्या. आईंचे माहेर अलिबागचे. सुकी मासळी त्यांनी जन्मभर आवडीने खाल्लेली आहे, त्यामुळे तो वास ओळखण्यात त्यांची चूक होणार नाही, हे मला ठाऊक होते. मी उरलेला अर्धा भाग नाकाशी नेला. पांढऱ्या भागाला काहीच वास नव्हता. बलक बोटांनी कुस्करला तेव्हा मात्र मासळीच्या रिकाम्या टोपलीजवळून जाताना येतो तसा, मंद पण अगदी निश्चित वशट वास आला, आणि जिभेवर ठेवल्यावर तो घास गिळून झाल्यावरही टाळूला चिकटून राहिला. अंडे नासलेले नव्हते. बलक घट्ट होता, रंग गडद केशरी होता, पेटीवरील तारीख पाच दिवसांपूर्वीची होती. उरलेली चार अंडी मी एकेक करून स्टीलच्या वाटीत फोडली आणि हुंगली. त्यांतल्या एकाला तोच वास होता, तिघांना नव्हता.

सहांपैकी दोनच अंड्यांना वास का, हा प्रश्न मला त्या क्षणापासून छळू लागला. फ्रीजमधला वास लागला असता, तर तो सगळ्यांना लागला असता. अंडी जुनी असती, तर सगळीच जुनी असती. दुकानात पेटी परत घेऊन गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने पैसे देण्यात खळखळ केली नाही, हे नमूद करायला हवे; पण “मॅडम, तुमच्या फ्रीजमध्ये मासे ठेवले असतील,” असे तो ठामपणे म्हणाला. आईंच्या आजारपणामुळे महिनाभर आमच्याकडे मासे आलेलेच नव्हते. पुढच्या पाच आठवड्यांत मी आणखी पाच पेट्या आणल्या, प्रत्येक अंडे फोडून हुंगले आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर खूण करत गेले. तीस अंड्यांपैकी चार वशट निघाली. प्रत्येक वेळी वास बलकातच होता आणि प्रत्येक वेळी शेजारचे अंडे निर्दोष होते.

याचे कारण कोंबडीच्या यकृतात आहे. मोहरीच्या जातीच्या बियांची पेंड कोंबडीच्या खाद्यात आली की तिच्यातील सिनॅपिन नावाच्या घटकापासून कोलीन सुटते, आणि आतड्यातील जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाईन करतात. शिळ्या माशाला जो वास येतो तो याच पदार्थाचा. निरोगी कोंबडीचे यकृत एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने त्याचे बिनवासाच्या रूपात परिवर्तन करते आणि प्रश्न तिथेच मिटतो. परंतु तपकिरी अंडी देणाऱ्या काही जातींमधल्या काही कोंबड्यांत हा विकर तयार करणाऱ्या जनुकातच दोष असतो. तो दोष नेमका कोणता, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिले. अशा कोंबडीच्या शरीरात ट्रायमिथिलअमाईन साचते आणि तयार होत असलेल्या बलकात उतरते. मोहरीच्या पेंडीतील आणखी काही घटक या विकराचे काम मंदावतात, त्यामुळे दुहेरी अपाय होतो. खाद्यात सुकी मासळी किंवा गरजेपेक्षा जास्त कोलीन असले तरीही हेच घडते. माणसांमध्येही याच जनुकातील दोषामुळे अंगाला माशासारखा वास येण्याचा विकार होतो, हे वाचून मला त्या कोंबड्यांविषयी वाईट वाटले.

हे समजल्यावर पेटीतला तो हिशेब चटकन जुळला. एकाच शेडमधल्या हजारो कोंबड्यांना एकच खाद्य मिळते, पण दोष मोजक्याच कोंबड्यांत असतो, म्हणून सहा अंड्यांत एखाद-दुसरेच वशट निघते आणि गिऱ्हाईक आपल्याच फ्रीजला दोष देत राहते. पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत हा प्रकार सहसा आढळत नाही. तपकिरी अंडे म्हणजे अधिक पौष्टिक, अधिक नैसर्गिक, अशी आपल्याकडे जी समजूत आहे, तिला आधार नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि पोषणाशी त्याचा संबंध नाही. बलकाच्या केशरी रंगाचेही तेच आहे, कारण तो मका, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क अशा खाद्यातल्या रंगद्रव्यांमुळे येतो. पेटीवरील ‘वनस्पतिजन्य खाद्य’ या शब्दांनी तर मला पुरते फसवले होते, कारण मासळीचा वास यायला कोंबडीने मासळी खाल्लेली असावीच लागते, असे मी धरून चालले होते. मोहरीची पेंड वनस्पतिजन्यच आहे. ओमेगा-३ साठी जवस दिले जाते, तेही वनस्पतिजन्यच आहे, आणि त्याचे प्रमाण फार वाढले की त्या तेलाच्या खवटपणामुळे अंड्याला रंगाच्या डब्यासारखी किंवा माशासारखी चव येऊ शकते. पेटीवरच्या दाव्यात खोटे काही नव्हते. खाणाऱ्याला ज्याची माहिती हवी ते तिच्यावर नव्हते, एवढेच. खाद्यात कोणती पेंड वापरता, हे विचारणारा ईमेल मी पेटीवरच्या पत्त्यावर दोनदा पाठवला. दोन्ही वेळा उत्तर म्हणून जाहिरातीचे पत्रक आले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर त्याच दुकानातल्या अंड्यांविषयी निराळी तक्रार सुरू झाली, आणि तिचा दोष मी कोंबडीला किंवा कंपनीला देत नाही. नाशिकचा उन्हाळा थंड असतो असे बाहेरचे लोक समजतात, पण एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा चाळिशीच्या घरात जातो. दुकानात या पेट्या दूध-दह्याच्या शीतकपाटात न ठेवता बाहेरच्या मांडणीवर, अगदी दिव्यांच्या खाली रचलेल्या होत्या. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर कोंबडीच्या अंगातूनच आलेला एक पातळ थर असतो. अंडी धुतली की तो थर निघून जातो. न धुतलेले अंडे काही दिवस बाहेर राहू शकते, पण धुतलेले अंडे थंडच ठेवावे लागते. अमेरिकेत दुकानात येणारी अंडी सहसा धुतलेली असतात आणि म्हणून तिथे ती शीतकपाटात विकतात, युरोपात पहिल्या प्रतीची अंडी धुण्यास मनाई आहे आणि तिथे ती दुकानात बाहेर ठेवलेली चालतात. आमच्या दुकानाने मात्र धुतलेली अंडी घेऊन ती युरोपासारखी बाहेर ठेवली होती, तीही नाशिकच्या उन्हाळ्यात.

परिणाम ताटात दिसला. उकडलेल्या अंड्यांना गंधकाचा, गरम पाण्याच्या कुंडाजवळ येतो तसा वास येऊ लागला आणि बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसू लागले. अंडे जसे जुने होते तसा पांढऱ्यातला कार्बन डायऑक्साईड छिद्रांतून निघून जातो, आणि ताज्या अंड्यात ७.६ च्या आसपास असलेला पांढऱ्याचा सामू (पीएच) ९ च्या वर जातो. अशा पांढऱ्यातून उकडताना हायड्रोजन सल्फाईड अधिक सुटतो आणि तो बलकातल्या लोहाशी मिळून ते हिरवट कडे तयार करतो. हे कडे विषारी नाही आणि फार वेळ उकडल्यास ताज्या अंड्यातही येते, म्हणून आधी मी माझीच पद्धत तपासली. पाण्याला उकळी आल्यावर दहा मिनिटे आणि लगेच गार पाण्यात, असे घड्याळ लावून उकडले. नाशिकमधल्याच द्वारका भागातल्या एका घाऊक दुकानातून (त्याच्याविषयी पुढे लिहिते) आणलेल्या अंड्यांत कडे आले नाही, पेटीतल्या अंड्यांत आले. पेटीवरची तारीख पाहून यातले काही कळत नाही, कारण ती अंडी पेटीत भरल्याची तारीख असते. कोंबडीने अंडे कधी घातले, ते तिच्यावरून समजत नाही.

आता बाकीच्या ठिकाणांविषयी. आमच्या इंदिरानगरातल्या किराणा दुकानदाराशी पंधरा वर्षांचा घरोबा आहे, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिताना जीव अडखळतो. त्याची अंडी ताजी असतात, खप भरपूर असल्यामुळे ट्रे दोन दिवसांत संपतो. परंतु मार्च-एप्रिलमध्ये, नवा उन्हाळ कांदा आला की, त्याच्या मागच्या खोलीत कांद्याच्या गोण्या थप्पीला लागतात आणि अंड्यांचे ट्रे त्याच गोण्यांवर ठेवलेले असतात. कोपऱ्यात फिनेलचे कॅन आणि उदबत्तीचे खोके. अंड्याची छिद्रे बाहेरचा वास आत घेतात आणि बलकातली चरबी तो धरून ठेवते. त्या अंड्यांचे ऑम्लेट कोणाला खटकणार नाही, कारण त्यात कांदा असतोच, पण मुलीच्या वाढदिवसासाठी केलेल्या साध्या व्हॅनिला केकला कांद्याचा आणि उदबत्तीचा मिळून एक चमत्कारिक वास आला आणि तिच्या मैत्रिणींनी तुकडे तसेच ताटल्यांत ठेवले. हे मी त्याला सांगितले. त्याला वाईट वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रे पुढच्या मांडणीवर आले. आता तिथून अंडी घ्यायला हरकत नाही. आपल्या फ्रीजमध्येही चिरलेला कांदा, लसणाची ओली चटणी किंवा पिकलेले पेरू उघडे ठेवून त्यांच्या शेजारी दाराच्या खाचेत अंडी ठेवली, तर हेच होते. मी आता अंडी झाकणाच्या डब्यात, आतल्या कप्प्यात ठेवते.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात एक बाई पाटीत भुसा घालून गावरान अंडी घेऊन बसतात. त्यांच्याकडून तीन वेळा दहा-दहा अंडी घेतली. चवीच्या बाबतीत त्यांतली काही अंडी या सगळ्या महिन्यांतली सर्वांत उत्तम होती, बलक दाट, तोंडात लोण्यासारखा विरघळणारा, कसलाही वशटपणा नाही. पण दोन-चार घरच्या कोंबड्यांची अंडी आठवडाभर गोळा करून बाजाराच्या दिवशी आणलेली असतात आणि त्यांत कालचे कोणते व आठवड्यापूर्वीचे कोणते, हे त्यांनाही सांगता येत नाही. तिसऱ्या खेपेस एक अंडे फोडताच काळपट पाणी सांडले आणि जो दर्प उठला, त्याने खिडक्या उघडूनही दुपारपर्यंत स्वयंपाकघर सोडले नाही. जिवाणू कवचातून आत शिरून अंडे सडल्यावर हे असे होते, आणि असे अंडे चुकूनही चाखू नये. आजारी माणसासाठी ही जोखीम मी पुन्हा घेणार नाही. घरात सगळे धडधाकट असतील, तर एकेक अंडे वेगळ्या वाटीत फोडून वापरावे आणि त्या चवीचा आनंद जरूर घ्यावा.

द्वारकेच्या पलीकडे अंड्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका जुन्या दुकानात मला शेवटी हवे ते मिळाले. दुकान म्हणजे दोन शटरची एक लांबट, अंधारी, गार खोली, आणि तिथे अंड्यांखेरीज दुसरी कोणतीही वस्तू विक्रीला नाही. दारात लावलेल्या पाटीवर खडूने त्या दिवसाचा शंभर अंड्यांचा भाव लिहिलेला असतो. एनईसीसी, म्हणजे १९८२ साली स्थापन झालेली ती अंडी उत्पादकांची समिती, रोज जो दर जाहीर करते त्यावर आपली वाहतूक चढवून हा भाव ठरतो, असे मालकांनी सांगितले. त्यांचा बराच माल नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरहून येतो, २००६ साली बर्ड फ्लूमुळे ज्या गावाचे नाव देशभर पोचले तेच हे नवापूर. पहिल्याच दिवशी मी विचारले, “मामा, ही अंडी कधीची?” तर ते उठले, मागच्या थप्पीतून एक ट्रे काढला, खिशातली छोटी बॅटरी एका अंड्याच्या बोथट टोकाला लावली आणि म्हणाले, “ताई, हे बघा, इथली पोकळी चवलीएवढीपण नाही. परवाचं आहे.” अंड्यातून पाणी उडून गेले की त्या टोकाची हवेची पोकळी वाढत जाते, आणि ती अंधारात उजेड लावून पाहता येते. त्यांनी शेजारी मुद्दाम ठेवलेले दहा दिवसांचे अंडेही दाखवले. त्याची पोकळी रुपयाच्या नाण्याहून मोठी होती. ते विकायला नव्हते, नव्या पोऱ्याला शिकवण्यासाठी ठेवले होते.

तिथून नेलेल्या सहा ट्रेंतील, म्हणजे १८० अंड्यांतील, एकालाही मासळीचा वास आला नाही. ती सगळी पांढरी होती, त्यामुळे यात फार आश्चर्य नाही. अंड्याचा दर त्या काळात साडेसहा ते सात रुपयांच्या दरम्यान राहिला. एक उणीव मात्र सांगायलाच हवी. मेअखेरीच्या वळवाच्या सरींनंतर आणलेल्या एका ट्रेमधल्या अंड्यांना कुबट, जुन्या पुठ्ठ्यासारखा वास होता. अंडी फोडली तर आत काही नाही, वास कवचालाच. ट्रे उलटा करून पाहिला तेव्हा खाचांच्या तळाशी करड्या बुरशीचे ठिपके दिसले. कागदाच्या लगद्याचे हे ट्रे पुन्हा पुन्हा वापरले जातात, दमट हवेत पाणी धरतात, आणि ओल्या कवचातून बुरशी व जिवाणू आत जाणे सोपे होते. मामांना तो ट्रे नेऊन दाखवला. त्यांनी तो हुंगला, काही न बोलता फाडून टाकला, अंडी बदलून दिली, आणि पावसाळ्यात आपल्याच घरचा प्लास्टिकचा ट्रे घेऊन यायला सांगितले. जूनपासून मी तसेच करते.

आईंसाठी योग्य काय, हे ठरवताना मी वास, ताजेपणा आणि विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर, एवढ्याच गोष्टी पाहिल्या. पेटीतली तपकिरी अंडी ११० रुपयांना घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे; घ्यायचीच असतील तर ती शीतकपाटातून घ्यावीत आणि उकडण्याऐवजी फोडून, हुंगून वापरावीत, कारण मासळीचा वास उकडलेल्या अंड्यात तोंडात गेल्यावरच कळतो. पाण्यात बुडवून पाहण्याची आपली घरगुती परीक्षा इथे उपयोगी नाही, ती फक्त वय सांगते, आणि कालच घातलेले वशट अंडेही तळाशी आडवे पडून राहते. द्वारकेची पांढरी अंडी मी निःशंकपणे सुचवीन. ती सकाळी अकराच्या आत आणावीत, कारण दुपारी घाऊक गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि मामांना बॅटरी काढून दाखवायला वेळ नसतो.

आईंनी जवळजवळ सात आठवडे अंड्याला हात लावला नाही. द्वारकेची अंडी आणल्यावरही पहिले दोन-तीन दिवस त्या प्रत्येक अर्धुक उचलून आधी बलक हुंगत आणि मग माझ्याकडे पाहत. आता त्या काठीच्या आधाराने गच्चीपर्यंत जातात आणि सकाळची दोन अंडी पुन्हा नेमाने खातात. गेल्या शनिवारी गंगापूर रोडवरील त्या दुकानात दुसऱ्या कामासाठी गेले होते. तपकिरी अंड्यांच्या पेट्या अजून त्याच मांडणीवर, त्याच दिव्यांखाली होत्या. सर्वांत वरच्या पेटीला हात लावून पाहिला तर ती कोमट लागली.